पडदा लावा, पण पुस्तके उचलू नका





गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामाची बैठक झाली. विषय साधा होता. एका कुटुंबाने चर्चला प्रोजेक्टर आणि मोठा पडदा भेट दिला आहे. तो कुठे लावायचा, वायर कुठून न्यायची, एवढेच ठरवायचे होते. ते दहा मिनिटांत ठरले. मग कोणीतरी म्हणाले, "पडदा आलाच आहे, तर बाकांवरची ती फाटकी गीतपुस्तके कशाला ठेवायची? रद्दीत घालू या की." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आणखी एकाने सुचवले की गाण्यांचे शब्द पडद्यावर इंग्रजी अक्षरांत टाकावेत, म्हणजे मुलांना वाचायला सोपे जाईल. त्यावरही कोणी फारसे बोलले नाही. चहा आला आणि बैठक संपली.

धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे आम्ही चौघे त्या बैठकीत होतो. तेव्हा आम्हीही गप्प राहिलो, ही आमची चूक. ती सुधारावी म्हणून आज लिहीत आहोत. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पडदा जरूर लावा. पण बाकांवरची पुस्तके उचलू नका, आणि आमची मराठी प्रार्थना रोमन अक्षरांत लिहू नका.

हे म्हटले की लगेच उत्तर येते, "तुम्हाला जुन्याचे वेड आहे. हा सगळा आठवणींचा गहिवर." हा आरोप आधी बाजूला करू. जुन्याचा गहिवर जगात आहे, आणि त्याचा मोठा बाजारही आहे. २०२२ साली अमेरिकेत गाण्यांच्या काळ्या तबकड्या सीडीपेक्षा जास्त संख्येने विकल्या गेल्या. १९८७ नंतर असे पहिल्यांदाच घडले. फिल्मचे कॅमेरे, शाईची पेने, चामडी बांधणीच्या वह्या हे सारे पुन्हा हौसेने घेतले जाते. त्यात वाईट काही नाही. पण ती हौस आहे, आणि हौस आली तशी जाते. आमच्या गीतपुस्तकांना चामडी बांधणी नाही. अर्ध्यांचे पुठ्ठे चिकटपट्टीने धरले आहेत, काहींवर मेणबत्तीचे डाग आहेत. त्यांना शोभेसाठी जपा असे आम्ही म्हणत नाही. ती अजून कामाची आहेत, आणि जे काम ती करतात ते पडदा करू शकत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

ते काम कोणते?

पडद्याची चाचणी दोन रविवार झाली, तेव्हाचे सांगतो. लॅपटॉपवर बसलेला मुलगा मनाने चांगला आहे, मेहनती आहे. पण गाण्याचे दुसरे कडवे चालू असताना त्याने तिसरे पुढे केले. सगळे चर्च अडखळले. मिस्सा संपल्यावर पुढच्या बाकावरच्या एक आजी आमच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, ते वरचं माझ्या आधीच पळतंय की हो. माझं म्हणून व्हायच्या आत पुसूनच जातंय." आजींची ही तक्रार आम्हाला फार मोठी वाटते. पुस्तक हातात असते तेव्हा प्रत्येक जण आपल्या गतीने प्रार्थना करतो. एखाद्या ओळीशी थांबतो, मागे जातो, मनाला लागलेला शब्द पुन्हा वाचतो. पडदा आला की सगळ्या मंडळीची प्रार्थना एका बोटावर चालते.

आमचा प्रभू नासरेथच्या सभास्थानात वाचायला उभा राहिला तो प्रसंग संत लूकने चौथ्या अध्यायात किती बारकाईने लिहिला आहे, ते पाहा. यशया संदेष्ट्याची गुंडाळी त्याच्या हाती दिली गेली. त्याने ती उलगडली. हवी ती जागा शोधून काढली. वाचली. मग गुंडाळी मिटली, सेवकाच्या हाती परत दिली आणि तो खाली बसला. लूकला हे सारे दोन शब्दांत उरकता आले असते. पण त्याने प्रभूच्या हातांची एकेक हालचाल टिपली आहे. जागा शोधणे हाही वाचनाचाच भाग आहे. पहिल्या कम्युनियनच्या वर्गात आम्ही मुलांना बायबल उघडून संत मार्क कुठे, संत योहान कुठे, हे शोधायला लावतो. आधी गडबड होते. चार आठवड्यांनी त्यांच्या बोटांना वाट सापडते. मोबाइलवर शोधले तर हवी ती ओळ एकटीच समोर येते. तिच्या आधी काय होते आणि नंतर काय आहे, हे मुलाला कळतच नाही.

आणि हे केवळ आम्हा चौघांचे खूळ नाही. २०१२ साली न्यूझीलंडच्या बिशपस्वामींनी आपल्या धर्मगुरूंना कळवले की वेदीवर छापील मिस्साग्रंथच वापरावा, टॅब्लेट किंवा मोबाइल नको. कारण त्यांनी साधे दिले होते: ज्या यंत्रावर आपण खेळ खेळतो, चित्रफिती पाहतो आणि पत्रे वाचतो, ते यंत्र मिस्साग्रंथाची जागा घेऊ शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही ८ नोव्हेंबर २०१७ च्या सभेत खंत व्यक्त केली होती की धर्मगुरू अंतःकरणे वर उचलायला सांगतात आणि लोक मोबाइल वर उचलतात.

इथवरचे मुद्दे कुठल्याही धर्मग्रामाला लागू पडतील. पण आम्ही बेळगाव जिल्ह्यात राहणारे मराठी ख्रिस्ती आहोत, आणि आमच्यासाठी गोष्ट याहून खोल आहे. त्यासाठी चारशे वर्षे मागे जावे लागेल.

फादर थॉमस स्टीफन्स १५४९ साली इंग्लंडमध्ये जन्मले आणि १५७९ साली गोव्याला आले. इथली भाषा शिकले, इथल्या संतांच्या ओव्या ऐकल्या, आणि त्याच ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. पण छापले कसे? रोमन अक्षरांत. मराठी शब्द, मराठी ओवी, आणि अक्षरे रोमन. कारण गोव्यात १५५६ पासून छापखाना असला, तरी आपल्या लिपीचे खिळे तिथे नव्हते. स्टीफन्स यांना ते मनापासून हवे होते. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या संघाच्या वरिष्ठांना पत्र लिहून या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापू देण्याची परवानगी मागितली. ती इच्छा पुरी व्हायच्या आतच, १६१९ साली, ते वारले.

आता आमच्या बैठकीकडे पाहा. एका परदेशी धर्मगुरूने आमची अक्षरे मिळावीत म्हणून रोमकडे विनंती केली, आणि त्याला ती मिळाली नाहीत. आज आमच्याकडे ती अक्षरे आहेत. मोबाइलमध्ये आहेत, लॅपटॉपमध्ये आहेत, फुकट आहेत. आणि आम्ही आपणहून म्हणतो आहोत की नकोत, रोमनच सोपी पडतात! स्टीफन्स यांचा नाइलाज होता. आमचा कसला नाइलाज आहे?

'ख्रिस्तपुराणा'ची कथा इथे संपत नाही. त्याच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर वारा फिरला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. आज त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत कुठे असल्याचे ठाऊक नाही. त्या काळचे सर्वांत नवे, सर्वांत वेगवान साधन म्हणजे छापखाना. त्यातून निघालेला प्रत्येक कागद गेला.

मग 'ख्रिस्तपुराण' आपल्यापर्यंत आले कसे? ते हातांनी आणले. लोकांनी ते उतरवून घेतले होते. गोव्यातून बाहेर पडलेल्या ख्रिस्ती माणसांनी हस्तलिखित प्रती जपल्या, वाचल्या, गायल्या. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळुरूला जे. एल. सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनच्या ग्रंथसंग्रहात सापडले. आणि १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण ग्रंथ देवनागरीत आणला. स्टीफन्स यांना हवी होती त्या लिपीत त्यांचा ग्रंथ छापून यायला ३४० वर्षे लागली, आणि तोवर तो वह्यांच्या आधाराने जगला.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की छपाई वाईट आणि लेखणी चांगली. अर्थ एवढाच की नवे साधन आले म्हणून ज्यांनी जुने टाकून दिले नाही, त्यांच्यामुळे ठेवा टिकला. छापील पुस्तक निघाले, आता उतरवून कशाला घ्यायचे, असे त्या लोकांनी म्हटले असते तर आज आपल्या हाती काय उरले असते?

आता आमचे गीतपुस्तक घ्या. त्यातली बरीचशी गाणी इंटरनेटवर कुठेही नाहीत. आम्ही शोधून पाहिले. काही गाणी तर पुस्तकातही छापलेली नाहीत. मागच्या कोऱ्या पानांवर कोणाकोणाच्या अक्षरात ती लिहिलेली आहेत. मयताला म्हणायचे एक गाणे आहे, क्रुसाच्या वाटेचे एक आहे, पेरणीच्या आधी शेतावर आशीर्वाद मागताना म्हणायचे एक आहे. कोणी रचली, ठाऊक नाही. इथल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांचे मूळ गोव्यात आहे, तेव्हा काही गाणी घाट चढून आली असतील, काही इथेच जन्मली असतील. कुठलीही कंपनी ही गाणी आपल्या अ‍ॅपवर टाकायला येणार नाही. तिला त्यात मिळणार काय? पुस्तके रद्दीत गेली, की मागच्या पानांवरची ही गाणीही रद्दीत जातील. पडद्यावर मग तीच वीस-पंचवीस गाणी फिरत राहतील, जी आधीच सर्वत्र आहेत.

आणि आमची मुले? ती कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. कन्नड त्यांना आलीच पाहिजे, ती या मातीची भाषा आहे, शेजाऱ्याची भाषा आहे. इंग्रजीही हवी. पण त्यांच्यातल्या अनेकांसाठी देवनागरी मराठी वाचण्याची जागा आता एकच उरली आहे, ती म्हणजे चर्च. घरी बोलतात मराठी, मोबाइलवर टाइप करतात रोमनमध्ये, शाळेत तिसरेच काही. रविवारी गीतपुस्तक हाती घेतात तेवढ्यापुरती आजीची लिपी त्यांच्या डोळ्यांखालून जाते. तीही आपण काढून घेतली, तर दहा वर्षांनी ही मुले आजीच्या बायबलकडे चित्राकडे पाहावे तशी पाहतील. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे घालून मूळ भाषांवरून बायबल साध्या मराठीत आणले, ते साध्या बायाबापड्यांना स्वतः वाचता यावे म्हणून. स्वतः वाचता येण्याला त्यांच्या लेखी एवढी किंमत होती.

विरुद्ध बाजूचे मुद्देही आम्ही ऐकले आहेत, आणि त्यांतले काही खरे आहेत. ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांना मोबाइलवर अक्षर मोठे करता येते. ज्यांना दिसतच नाही ते बायबल कानांनी ऐकतात. २०२० साली चर्चची दारे बंद होती तेव्हा मोबाइलवरच्या मिस्सेने कितीतरी घरे तारली. आमच्यातले एक अंथरुणाला खिळलेले गृहस्थ आजही रोज त्यावरच मिस्सा पाहतात. त्यांच्या हातातून मोबाइल काढून घ्या असे कोण म्हणेल? सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनीसुद्धा गुंडाळ्या मागे ठेवून पानांचे, शिवलेले पुस्तक इतरांच्या आधी उचलले. ते तेव्हाचे नवे साधन होते. नव्याला घाबरणे हा आपला वारसा नाही.

पण "पुस्तकांचा खर्च फार होतो" हा मुद्दा आम्हाला मान्य नाही. प्रोजेक्टरचा दिवा जातो, लॅपटॉप जुना होतो, वायर उंदीर खातात. आमची गीतपुस्तके पंचवीस वर्षे चालली आहेत. त्यांना लागली ती फक्त डिंकाची बाटली. "कॉम्प्युटरवर ठेवले की कायमचे राहते" हा मुद्दा तर मुळीच मान्य नाही, कारण त्याचा अनुभव आम्ही घेतला आहे. २००९ साली आम्हीच मोठ्या उत्साहाने धर्मग्रामातील कुटुंबांची यादी कॉम्प्युटरवर तयार केली आणि सीडीवर ठेवली. ती सीडी आज कपाटात आहे. ती उघडेल असा कॉम्प्युटर आमच्यापैकी कोणाकडेही नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र एक गृहस्थ आपल्या आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधत दूरवरून आले. जाड पुठ्ठ्याचे जुने रजिस्टर काढले. कडा वाळवीने कुरतडलेल्या होत्या, पण शाई शाबूत होती. अर्ध्या तासात आजीचे नाव, तिच्या आईवडिलांचे नाव, धर्ममातेचे नाव सापडले. त्या पानावर बोट ठेवून ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. चर्चच्या कायद्यातील ५३५ वे कलम प्रत्येक धर्मग्रामाला बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची रजिस्टरे ठेवायला आणि जुनी रजिस्टरे काळजीपूर्वक जपायला सांगते, ते उगाच नाही.

यिर्मयाच्या ग्रंथात, छत्तिसाव्या अध्यायात, एक प्रसंग आहे. यहोयाकीम राजासमोर संदेष्ट्याची गुंडाळी वाचली जात होती. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा. अशी सगळी गुंडाळी जळाली. मग देवाने यिर्मयाला दुसरी गुंडाळी घ्यायला सांगितले. यिर्मयाने पुन्हा सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले, आणि त्यात पहिल्यापेक्षा जास्त मजकूर आला.

आमची पुस्तके जाळायला कोणी राजा आलेला नाही. यहोयाकीमाला निदान त्या शब्दांचा राग तरी आला होता. आम्ही तर कंटाळून, चहा पिता पिता, किलोच्या भावाने देऊन टाकायला निघालो आहोत. पण या प्रसंगात आमच्यासाठी आशाही आहे. बारूख पुन्हा लिहायला बसला.

म्हणून धर्मग्रामातील सर्वांना आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, पडद्याशेजारी पुस्तके राहू द्यावीत. फाटलेल्या प्रती शिवायला आणि चिकटवायला आम्ही तयार आहोत. येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता सभागृहात या. सुई, दोरा आणि डिंक आम्ही आणतो.

दुसरी, पडद्यावर जे काही येईल ते देवनागरीत यावे. ज्या मुलांना वाचायला जड जाते त्यांच्यासाठी मिस्सेआधी अर्धा तास वर्ग घ्यायला आम्ही तयार आहोत. अक्षर मोठे ठेवा, कडवे संपल्याशिवाय पुढे नेऊ नका, आणि लॅपटॉपवरच्या मुलाला पुढच्या बाकावरच्या आजींशेजारी बसवा.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलच्या राजासाठी एक नियम आहे. सिंहासनावर बसल्यावर त्याने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून काढावी, ती जवळ ठेवावी आणि आयुष्यभर वाचावी. राजाकडे लेखनिक थोडे का असतील! तरीही प्रत त्याची स्वतःची हवी. येत्या उपवासकाळात आपल्या प्रत्येक घरात एक वही सुरू व्हावी, अशी आमची इच्छा आहे. दर आठवड्याला एक गाणे. म्हातारे सांगतील, मुले लिहितील. पुस्तकाच्या मागच्या पानांवरची गाणी आधी घ्या. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. मग त्या वह्यांचे फोटो काढा, कॉम्प्युटरवर ठेवा, नातेवाइकांना पाठवा, जेवढे नवे वापरता येईल तेवढे वापरा. फक्त वही फेकू नका.

संत पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात काय मागवले होते, आठवते ना? त्रोवसला राहिलेला झगा, आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे. मरण समोर दिसत होते, थंडी येत होती, आणि त्या माणसाला आपली पुस्तके हवी होती.

प्रभू येशू, तू पित्याचा शब्द आहेस आणि आमच्यासाठी देह झालास. आमच्या वाडवडिलांनी हाताने लिहून आमच्यापर्यंत जे पोहोचवले, ते आमच्या आळसाने हरवू देऊ नकोस. आमच्या मुलांच्या बोटांना तुझ्या वचनाची वाट सापडू दे. आमेन.

शनिवारी भेटू. येताना घरातले जुने गीतपुस्तक घेऊन या.